उठण्याचा क्रम

सोहार बंदरामागे, खाऱ्याचं गोडं करणाऱ्या कारखान्यात
चारशे अकरा दिवसांनी सर्व्हर बंद पडला.
पडला म्हणजे, बॅटरी बदलायला आम्हीच पाडला.
तो परत उठेना, हा प्रश्न.

रात्रीचे पावणेतीन. बाहेर ऑगस्ट,
दार उघडताच चष्मा घामेजतो.
आत सतरा अंश, अंगावर दुसऱ्या कुणाचं तरी जाकीट.
हिलाल अल-बलुशी दर पाच मिनिटांनी डोकावतो:
पाणी चाललंय, म्हणतो, पण किती, ते कळत नाही.
टाक्या भरताहेत आणि मोजणारा आंधळा.

काळ्या पडद्यावर ओळींमागून ओळी, मारुतीचं शेपूट.
हिरवं ठीक, ठीक, ठीक,
मग एका ओळीपाशी लाल ठिपका येरझाऱ्या घालत राहतो:
एक मिनिट तीस सेकंद वाट पाहीन.
मी मोजले. नव्वदच.
यंत्राची माया एवढीच, पण तेवढी प्रामाणिक.
मग आणीबाणी. पासवर्ड द्या.
दिला.

घोडं कुठे पेंड खातंय ते आता टोकापासून बघत यायचं.
यादीची फाइल उघडली. सहा ओळी,
माझ्या आधीच्या वर्गीसनं लिहिलेल्या, रकान्याखाली रकाना.
चौथीत: बी डिस्कचा पहिला भाग आणून
'नोंदी' नावाच्या रिकाम्या खोलीत जोडावा.
बी.
इथे मी खुर्चीत मागे टेकलो.

ए, बी, सी ही डिस्कची नावं नव्हेतच.
तो उठण्याचा क्रम.
आधी जागी होईल ती ए,
मागून डोळे चोळत येईल ती बी.
रुवीतल्या खोलीत दोन वर्षं मी 'तीन-वरचा' होतो.
खाट तिसरी, वरचा मजला.
माझ्याआधीही एक तीन-वरचा होता.
एकदा खोलीच्या फोनवर हाक आली, तीन-वरचा!
मी हॅलो म्हटलं,
आणि पलीकडची बाई बोलता बोलता थांबली.

डिस्क मोजल्या. हव्यात दोन, आहेत तीन.
टॉर्च घेऊन कपाटामागे, गुडघ्यांवर.
मागच्या भोकात निळा दिवा लुकलुकणारा
काडेपेटीएवढा प्लेअर, चार्जिंगला लावलेला.
मोतालेबचा. दिवसपाळीला फरशी पुसतो तो.
आज हा डिस्कच्या आधी जागा झाला,
सर्व्हरनं त्यालाच बी म्हटलं, आणि
त्याचा पहिला भाग शोधत बसला, जो त्याला नव्हताच.
खरी बी मागे सी होऊन उभी,
तीन वर्षांच्या नोंदी कडेवर,
तिला कुणी हाक मारीना.

प्लेअरमध्ये काय आहे ते बघायला नको होतं. बघितलं.
एकच फाइल. नाव बंगालीत असावं,
या पडद्याला बंगाली येत नाही,
त्यानं सात चौकोन दाखवले.
ऐकली नाही.

यादीतली बी खोडली. तिथे तिचा तो लांबलचक आकडा,
छत्तीस अक्षरांचा, अंगावरच्या तिळासारखा,
कितवीही उठली तरी तिचाच.
शेवटी एक शब्द: नोफेल.
म्हणजे ही आली नाही तर थांबू नका, तुम्ही व्हा पुढे.
वर्गीसनं हा का लिहिला नव्हता कोण जाणे.
नोंदींवाचून उठायचं कशाला, असं वाटलं असेल त्याला.
मी लिहून पुसला.
हिलाल परत डोकावला, मग परत लिहिला.

तीन सदतीस. ठीक, ठीक, ठीक.
चार नंबरच्या टाकीची पातळी दिसू लागली.
खलास? हिलालनं विचारलं. खलास, म्हटलं.
अहवालात कारण लिहिलं: डिस्कचा क्रम बदलला.
खोटं काही नाही त्यात.

सहाला मोतालेब आला, बादली घेऊन.
प्लेअर दिला, भिंतीतलं सॉकेट दाखवलं.
ओके बॉस, म्हणाला, आणि कान लाल झाले त्याचे.
जाता जाता विचारलं, पूर्ण नाव काय रे तुझं?
बादली खाली ठेवून सांगितलं त्यानं.
बापासकट, गावासकट, नदीसकट.
छत्तीस अक्षरं सहज झाली असतील.